आधी बुरशी ओळखा, मग औषध द्या : बेळगाव जिल्ह्याच्या कृषी आणि आरोग्य खात्यांना खुले पत्र

प्रति,
कृषी खाते व आरोग्य खाते,
बेळगाव जिल्हा

सन्माननीय अधिकारी,
सप्रेम नमस्कार.

तुम्हा दोन खात्यांना मी हे एकच पत्र लिहिते आहे. दोन वेगळी लिहिली असती तर शेताचं शेतात राहिलं असतं, दवाखान्याचं दवाखान्यात, आणि मला जे सांगायचं आहे ते मधल्या मध्ये सांडलं असतं. पत्र मराठीत आहे. गाऱ्हाणं आपल्या भाषेत मांडायचा हक्क राज्यघटनेच्या ३५०व्या कलमाने दिला आहे आणि ज्यांच्यासाठी लिहिते ती माणसं हीच भाषा बोलतात. कन्नड प्रतही मी केली आहे, कारण माझ्या बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचं घर कन्नड बोलतं आणि त्याचं गाऱ्हाणं माझ्यापेक्षा वेगळं नाही.

मी खानापूर तालुक्यातली. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. घरची भातशेती आहे, थोडं माळरान आहे, त्यात पावसाळी बटाटा आणि भुईमूग करतो. विषय बुरशीचा आहे.

माझ्या धाकट्या दिरांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलं आहे. पाच वर्षांपूर्वी मळणीच्या दिवशी भाताचं कूस उडून डोळ्यात गेलं. मळणी सोडून डोळ्यासाठी दवाखाना कोण गाठतो? संध्याकाळी मेडिकलमधून थेंब आणले. दुकानदार ओळखीचा, चांगला माणूस. म्हणाला, "लाल झालंय नव्हं, हे घाला भावजी. दोन दिसात बरं हुतंय की." आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी लाली ओसरली, ठणका कमी झाला, भावजी परत खळ्यावर गेले. नवव्या दिवशी डोळा उघडेना. पापणी वर करून पाहिलं तर बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका डाग.

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी थेंबांची बाटली मागितली. उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली आणि काही न बोलता बाजूला ठेवली. त्यात स्टेरॉइड होतं. मग त्यांनी जखमेच्या कडेचं थोडं खरवडून काचेवर घेतलं, त्यावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. काचेसारखे लख्ख धागे होते, फांद्या फुटलेले, मधूनमधून आडवे पडदे असलेले. ओल्या भाकरीवर उगवलेल्या बुरशीत हेच धागे मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आले होते. ते माझ्या दिरांच्या डोळ्यातून निघाले होते.

डोळा लाल होतो तो शरीर लढतं म्हणून. स्टेरॉइड ही लढाईच थांबवतं, म्हणून लाली जाते, दुखणं कमी होतं आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. पुढे बुरशी मारणाऱ्या नॅटामायसिनचे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा, कित्येक आठवडे. डोळा काढावा लागला नाही हे नशीब. आता त्या डोळ्याने त्यांना उजेड कळतो आणि समोर हात हलला तर सावली कळते. नॅटामायसिन पहिल्या दोन दिवसांत मिळालं असतं तर? डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, बहुतेक बराच डोळा वाचला असता.

भाताचं कूस, उसाचं पातं, कडब्याचं टोक. शेतातल्या पिकाचा तुकडा डोळ्याला लागला की त्याबरोबर फ्युजेरियम, अस्परजिलस अशा बुरशी आत जातात. ऊसतोडीच्या हंगामात अथणी-चिकोडीपासून आमच्या इकडेपर्यंत हजारो हात फडात असतात, आणि डोळ्याला काही झालं तर पहिली धाव मेडिकलकडे असते. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम ज्यांचं आहे त्यांना मी हे लिहिते आहे.

आता शेताकडे येते. गोष्ट तीच आहे, फक्त दुकान वेगळं.

भावजींचा डोळा गेला त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात आमच्या बटाट्यावर करपा आला. पानांच्या कडांना तेलकट, काळपट डाग. पहाटे पान उलटं केलं की डागाभोवती पांढरा, कापसासारखा कोंब दिसायचा, ऊन चढलं की नाहीसा व्हायचा. खत-औषधाच्या दुकानात जाऊन आमच्या घरातल्यांनी सांगितलं, "करपा आलाय." दुकानदाराने करप्याचं औषध दिलं. कार्बेन्डाझिम नावाचं बुरशीनाशक. दोनदा फवारलं. आठ दिवसांत शिवार कुजक्या वासाने भरलं.

बटाट्याचा हा करपा म्हणजे फायटोफ्थोरा. दिसतो बुरशीसारखा, वागतो बुरशीसारखा, पण तो खरा बुरशीच्या कुळातला नाहीच. बुरशीच्या पेशीची भिंत कायटिनची असते, जे किड्यांच्या पाठीच्या कवचात असतं. फायटोफ्थोराची भिंत सेल्युलोजची. नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळचा. म्हणून कार्बेन्डाझिम त्याला काही करत नाही. आम्ही दोन वेळा पंप पाठीवर घेऊन जे फवारलं ते त्याच्या दृष्टीने पाणीच. याच रोगाने १८४५ पासून आयर्लंडमधला बटाटा कुजला, सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. शाळेत हा धडा मी शिकवला होता. तरी घरच्या शेतात मला तो वेळेवर ओळखता आला नाही, कारण घरी सगळे 'करपा' म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते.

या शब्दापाशी जरा थांबते, कारण माझ्या मते निम्मं नुकसान इथेच होतं. आपल्या भाषेत पान करपल्यासारखं दिसलं की तो करपा. भाताच्या पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असे ठिपके येतात तो करपा ही बुरशी. पुढे हीच मानेवर येते आणि लोंबी मोडून पडते. युरिया जास्त झाला की ती आणखी माजते. भाताचं पान टोकाकडून कडेकडेने, नागमोडी पिवळं पडत वाळतं तोही करपाच, पण तो जिवाणूंचा. बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा फायटोफ्थोराचा, लवकर येणारा अल्टरनेरिया नावाच्या बुरशीचा. चार आजार, एक शब्द. भाताच्या पहिल्या करप्यावर ट्रायसायक्लाझोल हे बुरशीनाशक चालतं. दुसऱ्यावर ते नुसतं वाया जातं.

आणि ओळखायला फार काही लागतही नाही. भाताच्या रोगट पानाचा बोटभर तुकडा कात्रीने कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरायचा. जिवाणू असतील तर पाच-दहा मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखी धार हळूहळू खाली उतरताना दिसते. मी हे सातवीच्या मुलींकडून करून घेतलं आहे. त्यातल्या एकीच्या वडिलांनी त्या वर्षी बुरशीनाशकाचे पैसे वाचवले. एवढं जर सातवीच्या मुलीला जमतं, तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राच्या दारात एक पेला आणि एक भिंग ठेवायला काय हरकत आहे?

तुमची माणसं काम करत नाहीत असं मी म्हणणार नाही. धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने या भागासाठी जे केलं आहे ते आम्हाला ठाऊक आहे. सोयाबीनवर तांबेरा आला की पान पान गळून जायचं. त्यांनी तांबेऱ्याला दाद न देणारं डीएसबी २१ वाण दिलं आणि कितीतरी फवारण्या वाचल्या. तांबेरा ही बुरशीच आहे, आणि तिच्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय बियाण्यातच निघाला. माझं म्हणणं पुढच्या टप्प्याबद्दल आहे. विद्यापीठात जे कळलं आहे ते गावातल्या दुकानाच्या फळीपर्यंत पोचता पोचता फक्त एका बाटलीचं नाव होऊन उरतं.

उपयोगी बुरशीचीही तीच गत. ट्रायकोडर्मा आता सगळ्यांना नावाने माहीत आहे. ही बुरशी मातीतल्या मूळकूज आणि मर रोगाच्या बुरशींवर चालून जाते, त्यांच्या धाग्यांभोवती वेटोळं घालते आणि त्यांना खाऊन टाकते. शेणखतात मिसळून दिली तर उत्तम. पण ती जिवंत आहे, हे पाकीट विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या डोक्यात कुठेच नसतं. पत्र्याच्या शेडमध्ये, एप्रिल-मेच्या उन्हात, युरियाच्या पोत्यांवर ही पाकिटं पडलेली मी पाहिली आहेत. एका वर्षी शाळेतल्या मुलांबरोबर मी साधी परीक्षा घेतली. कुकरमध्ये भात शिजवला, गार केला, उकळत्या पाण्यातून काढलेल्या तीन काचेच्या बरण्यांत घातला. एकीत नव्या पाकिटाची चिमूटभर भुकटी, दुसरीत त्या शेडमधल्या पाकिटाची, तिसरी तशीच बंद. पाचव्या दिवशी पहिली बरणी गर्द हिरवी झाली होती. दुसरी आणि तिसरी शेजारी ठेवली तर कुठली कुठली ते ओळखू येत नव्हतं, दोन्हींत पांढरा भात. दुसऱ्या बरणीतल्या पाकिटाचे पैसे शेतकऱ्याने पूर्ण मोजले होते.

त्यात भर म्हणजे तेच बियाणं त्याच दिवशी कार्बेन्डाझिमनेही चोळायला सांगतात. मग ट्रायकोडर्मा जिवंत असली तरी मरते. एका हाताने पेरायची, दुसऱ्याने मारायची.

मायकोरायझाचं तर आणखी वाईट वाटतं, कारण ती गोष्ट फार सुंदर आहे. जमिनीवरच्या बहुतेक झाडांच्या मुळांत ही बुरशी राहते. मूळ जिथे पोचत नाही तिथे तिचे धागे पोचतात आणि स्फुरद आणून देतात, त्या बदल्यात झाड तिला साखर देतं. ज्वारी, ऊस, मिरची, हळद, कांदा, सगळ्यांना तिचा आधार. पण मोहरीच्या कुळातली झाडं हे नातं जोडतच नाहीत. म्हणजे कोबी, फ्लॉवर, मुळा. आता कडोलीच्या बाजूचा कोबी सगळ्या कर्नाटकाला आणि गोव्याला ठाऊक आहे, आणि तिकडच्या एका शेतकऱ्याला कोबीसाठीच मायकोरायझाचा डबा दिलेला मी स्वतः पाहिला आहे. ज्वारीवाल्याला सांगायला हवं की डीएपीचा, म्हणजे स्फुरदाच्या खताचा, मारा केला तर हीच बुरशी मुळातून माघार घेते. कोबीवाल्याला सांगायला हवं की तू हा डबा घेऊ नकोस. दोघांनाही कोणीच काही सांगत नाही.

एकदा मक्याच्या शेतात एक गोष्ट दिसली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१८ मध्ये आपल्याच राज्यात, शिमोग्याकडे, अमेरिकन लष्करी अळी देशात पहिल्यांदा सापडली आणि मग ती सगळीकडे गेली. दोन-तीन वर्षांनी श्रावणातल्या झडीनंतर आमच्या मक्याच्या पोंग्याजवळ अळ्या पानाला घट्ट चिकटून मेलेल्या दिसल्या. ताठ, खडूसारख्या पांढऱ्या. दोन दिवसांनी त्याच अळ्यांवर फिकट हिरवी भुकटी आली. बोट लावलं की भुकटी उडायची. ती मेटारायझियम रिलाय बुरशी. पूर्वी तिला नोमुरिया म्हणत. धारवाडच्या विद्यापीठाने तिच्यावर खूप वर्षं काम केलं आहे. उसाच्या हुमणीवर चालते ती तिचीच बहीण. पावसाळी, ढगाळ हवेत ही बुरशी फुकट काम करते, आणि त्याच आठवड्यात पिकावर बुरशीनाशक मारलं तर तिला आपणच मारतो. मग अळी वाढते, मग अळीचं औषध. हे चक्र गावात कोणी समजावून सांगत नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

आता दोन्ही खात्यांनी एकत्र बसून वाचावं असं एक सांगते. शेतात आपण हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल फवारतो. दवाखान्यात रोग्याला फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल देतात. शेवटची अक्षरं सारखी आहेत ती उगाच नाहीत, कूळ एकच आहे. शेताच्या मातीत, कुजणाऱ्या पाल्यात अस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी राहते. वर्षानुवर्षं फवारणी सोसून ती या औषधांना सरावते. तिचे बीजाणू हवेतून माणसाच्या फुफ्फुसात गेले आणि तो माणूस आधीच अशक्त असला, तर डॉक्टरांचं औषध पहिल्या दिवसापासूनच निकामी ठरू शकतं. अशा सरावलेल्या बुरशी युरोपात आधी सापडल्या, भारतातही सापडल्या आहेत. बुरशी नात्याने झाडांपेक्षा प्राण्यांच्या जवळची, त्यामुळे तिला मारेल आणि माणसाला सोडेल अशी औषधं मुळातच थोडी आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने माणसाला सगळ्यात घातक अशा १९ बुरशींची पहिली यादी काढली. त्यात ही अगदी वरच्या गटात आहे.

एके काळी शेत आणि दवाखाना एकाच प्रयोगशाळेत बसत होते. पेनिसिलिन ही तर बुरशीचीच देणगी, आणि आपल्या देशात ते सरकारी कारखान्यात बनवण्यासाठी १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. तिथे मं. जी. तिरुमलाचार नावाचे बुरशीतज्ज्ञ होते, मूळचे म्हैसूरकडचे. त्यांनी पिंपरीच्या मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन शोधलं, माणसाच्या बुरशीरोगांवर. आणि पिकांच्या रोगांसाठी ऑरिओफंगिनही. कानडी मुलखातला माणूस, मराठी मुलखातली माती, एक औषध रोग्याला आणि दुसरं पिकाला. आपल्या सीमाभागात राहणाऱ्या माणसाला ही हकिकत ऐकून किती बरं वाटतं हे तुम्हाला कळेल.

कातडीच्या रोगाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण घरोघरी माहीत आहे. रोवणीचे दिवस, भिजलेले कपडे, मांडीत आणि कमरेला गजकर्ण. पूर्वी मलम लावलं की महिन्यात जायचं. आता एकाला झालं की सगळ्या घराला होतं आणि वर्षभर हटत नाही. त्याचं एक मोठं कारण स्टेरॉइड मिसळलेली मलमं. खाज थांबते, लाली जाते, चकंदळ मात्र पसरत राहतं. भावजींच्या डोळ्याचीच गोष्ट, फक्त कातडीवर. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी या नव्या हट्टी बुरशीला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. तिच्या नावातच आपला देश आला. टर्बिनाफीन या नेहमीच्या औषधालाही ती पुष्कळदा जुमानत नाही. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्येच झाला आहे. आठवड्याच्या बाजारच्या दिवशी कुठल्याही गावात जाऊन अर्धा तास उभे राहा, नियम किती पाळला जातो ते दिसेल.

आणि भीती. २०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' हा शब्द आला आणि आमच्या आळीत बायकांनी कांदे उकिरड्यावर टाकले. कांद्याच्या सालीवर काळी भुकटी असते, म्हणून. ती बुरशी वेगळी, साल काढून धुतलं की झालं. जिला काळी म्हणत होते ती म्युकर मुळात काळी नसतेच. ती रक्तवाहिन्या बंद करते, मांस मरतं आणि मेलेलं मांस काळं पडतं. तिने ज्यांना गाठलं त्यांतल्या बहुतेकांची साखर वाढलेली होती आणि करोनासाठी त्यांना स्टेरॉइड दिलेलं होतं. त्या आठवड्यांत त्याच आळीत, त्याच बायका, अवकाळी पावसात भिजलेल्या भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. ज्या दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी होती ते बाजूला काढून गाईच्या आंबोणात टाकत होत्या. "फेकून कशाला द्यायचं बाई, जनावर खातंय की."

कांदा निर्दोष होता आणि भीती वाटायला हवी होती ती त्या दाण्यांची. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडात शेंगपेंड खाऊन एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले तेव्हा ते विष कळलं. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि १०६ माणसं गेली. भाजून, उकडून हे विष जात नाही. थोडं थोडं पोटात गेलं तर वर्षांनी यकृताचा कर्करोग होतो. गाईने खाल्लं तर दुधात उतरतं आणि दूध उकळून उपयोग नसतो. आमच्या जिल्ह्यात मका आहे, भुईमूग आहे आणि घरटी एक-दोन दुभती जनावरं आहेत. शेंग आणि मका नीट वाळला आहे की नाही हे मोजायचं ओलावामापक यंत्र कृषी पत्तीन संघात, म्हणजे शेतकऱ्यांच्या पतसंस्थेत, एक जरी असेल तर गाव वापरेल. कृषी खातं म्हणेल हा आरोग्याचा विषय, आरोग्य खातं म्हणेल धान्य वाळवणं आमचं काम नाही. म्हणूनच हे पत्र दोघांना.

रानाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण अळंबीशिवाय आमच्या तालुक्यातला पावसाळा सांगता येत नाही. आम्ही अळंबी म्हणतो, शेजारी अणबे म्हणतो. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याला आषाढ-श्रावणात बायका सागाच्या पानात वारुळावरची अळंबी घेऊन बसतात. ती वाळवीची शेती आहे. वाळवी चघळलेला पालापाचोळा आणि लाकूड वारुळात रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि लाकडातलं जे तिला पचत नाही ते बुरशीकडून पचवून घेते. पाऊस लागला की त्या बुरशीची छत्री वर येते. माणसाला अजून ती धंद्यासाठी पिकवता आलेली नाही. नागपंचमीला ज्या वारुळाला आम्ही दूध-लाह्या घेऊन जातो तेच रस्ता रुंद करताना, प्लॉट पाडताना जेसीबीने सपाट होतं आणि पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही.

त्या बायकांची नजर पक्की असते. चुका होतात त्या शहरातून सुट्टीला आलेल्यांच्या, नाहीतर शेताच्या बांधावर दिसलं ते घरी नेणाऱ्यांच्या. चांदीचं नाणं टाकून काळं पडतं का बघायचं, किड्यांनी खाल्लं असेल तर चांगलं, असल्या खुणांवर लोक विसंबतात. या खुणा खोट्या आहेत. आणि आरोग्य खात्याने प्रत्येक आशाताईला एक गोष्ट शिकवलीच पाहिजे. जेवल्यावर लगेच नाही, तर सहा तास उलटून गेल्यावर वांत्या-जुलाब सुरू झाले, तर तो जास्त मोठा धोका. अशा विषात मध्ये एखादा दिवस रोगी बरा दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आत यकृत निकामी होत असतं. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून रोग्याबरोबर दवाखान्यात न्यायची, फेकायची नाही.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांत क्षयाच्या थुंकीसाठी सूक्ष्मदर्शक असतो. डोळ्याच्या जखमेचा नमुना घेणं हे डोळ्यांच्या डॉक्टरांचंच काम आहे. पण कातडीचा खरवडा त्याच यंत्राखाली, पोटॅशच्या एका थेंबात, तिथल्या तिथे बघता येतो. ते सुरू करा. डोळ्याला पीक लागलं तर दुकानातले थेंब न घालता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचं, एवढं एक वाक्य मळणीच्या आणि ऊसतोडीच्या आधी प्रत्येक मेडिकलमध्ये, साखर कारखान्याच्या प्रत्येक टोळीत, कन्नड आणि मराठी दोन्हीत लागू द्या. नॅटामायसिन तालुक्याच्या दवाखान्यात ठेवा. रयत संपर्क केंद्रात आठवड्यातून एक दिवस, बाजारच्या दिवशी, रोगट पान बघून सांगणारं माणूस बसवा आणि त्याने सांगितल्यावरच दुकानाने औषध द्यावं अशी रीत पाडा. ट्रायकोडर्मा आणि मेटारायझियम सावलीत, थंड जागी ठेवायला लावा आणि तारीख उलटलेलं पाकीट परत घ्यायला लावा. पानाचे फोटो, रोगाचं नाव, औषधाचं नाव असलेला एक तक्ता मराठीतही छापा. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे. माझ्यासारखे आणखी चार निवृत्त शिक्षक तयार आहेत, त्यातले दोन कन्नड शाळांतले.

आणि खरिपाच्या आधी, मृग लागायच्या आत, दोन्ही खात्यांची एक बैठक लावा. निदान एकदा. बुरशीचं औषध शेतात कोणतं जातं आणि दवाखान्यात कोणतं, हे एका टेबलावर समोरासमोर ठेवून बघा.

तारीख ठरली की कळवा. भावजी सोबत येतील, त्यांना स्वतः सांगायचं आहे. शाळेने निरोपाच्या वेळी भेट दिलेला सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे, तोही मी घेऊन येते.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका व शेतकरी